भिंतींचा श्वास : कोकण, देश आणि मुंबईतील घरांच्या ओलीचा इतिहास

बंद घराचे दार पावसाळ्यात उघडले की जो कुबट वास येतो, त्याचे मूळ बहुधा भिंतीत असते. भिंतीत ओल मुरते, ती वाळायला वाव मिळत नाही आणि त्या ओलीवर बुरशी व सूक्ष्मजंतू वाढतात. वाढताना ते काही बाष्पनशील रसायने हवेत सोडतात. आळंब्यांच्या आणि ओल्या मातीच्या वासाशी जवळीक असलेला हा वास त्याच रसायनांचा असतो. बुरशीला वाढायला उजेड लागत नाही. पृष्ठभागाजवळच्या हवेची सापेक्ष आर्द्रता बरेच दिवस ८० टक्क्यांच्या आसपास किंवा त्याहून वर राहिली, आणि रंग, लाकूड, कापड, कागद यांपैकी काही खाद्य मिळाले, की तेवढ्यावर तिचे भागते. कपाटामागची भिंत, माळ्याचा कोपरा, मोरीलगतचा कोनाडा या जागा म्हणूनच आधी वास मारू लागतात, कारण तिथली हवा हलत नाही.

भिंतीत ओल तीन वाटांनी येते. जमिनीतले पाणी जोत्यातून वर चढते. पावसाचे पाणी छपरातून आणि बाहेरच्या बाजूने आत शिरते. घरातल्या माणसांच्या श्वासातून, स्वयंपाकातून आणि वाळत घातलेल्या कपड्यांतून निघालेली वाफ गार भिंतीवर जमते. ही ओल बाहेर जाण्याची वाट मात्र एकच, वाळण्याची. त्यासाठी भिंतीला सच्छिद्रता, घराला वारा आणि थोडी ऊब लागते. महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर वर्षाला साधारण २,५०० ते ३,५०० मिलिमीटर पाऊस पडतो आणि आषाढ-श्रावणात हवा आठवडेच्या आठवडे दमट असते. अशा प्रदेशात घर कोरडे ठेवणे हे घर बांधण्याइतकेच मोठे काम होते. ते काम पिढ्यान्‌पिढ्या कसे केले गेले, शहरात ते कसे बिघडले आणि त्याची किंमत कोणी मोजली, हा या इतिहासाचा विषय आहे.

कोकणी घर

कोकणातल्या जुन्या घराची सुरुवात जोत्यापासून होई. चांगले घर उंच जोत्यावर उभे असे, म्हणजे अंगणातले पाणी भिंतीला भिडत नसे आणि जमिनीतली ओल वर चढायला वेळ लागे. जोत्यावर जांभ्याचे चिरे येत. जांभा सच्छिद्र आहे. खाणीतून काढताना तो मऊ असतो, उघड्यावर राहिल्यावर कडक होतो. पावसात तो पाणी पितो आणि उघडीप मिळाली की सोडतो. चिरे मातीच्या गाऱ्यात बसवत आणि आतून मातीचाच गिलावा करून शेणाने सारवत. ज्यांना चिरा परवडत नसे त्यांच्या भिंती मातीच्या किंवा कुडाच्या असत. कूड म्हणजे कारवीच्या काठ्या उभ्या-आडव्या बांधून त्यावर शेणमातीचा लेप दिलेली भिंत. ती पातळ असली तरी लवकर सुके.

मातीची भिंत हवेतली वाफ शोषून घेते आणि हवा कोरडी झाली की परत देते. खोलीतल्या दमटपणाचे चढउतार त्यामुळे सौम्य होतात. शेणाने सारवलेल्या भुईचेही तसेच. ती पाणी अडवत नाही, खालची ओल तिच्यातून वर येऊन हवेत जाते. सारवण सतत नवे करावे लागे, आणि ते कष्ट बायकांच्या वाट्याला येत. पण प्रत्येक सारवणात भुईच्या भेगा बुजत, खड्डे भरत आणि ओल कुठे वाढते आहे हे त्यांच्या हातांना सगळ्यात आधी कळे.

भिंतीचे खरे रक्षण छप्पर करी. कोकणी छप्पर उतरते असते आणि त्याच्या पागोळ्या भिंतीपासून लांब पडतात. पुढे-मागे पडवी असल्याने घराच्या मुख्य भिंतींना पावसाचा थेट मार बसत नसे. जिकडून वाऱ्याबरोबर पाऊस येतो त्या बाजूला मृगापूर्वी झड बांधत. माडाच्या झावळ्या विणून केलेले हे पडदे पावसाळाभर भिंतीपुढे उभे राहत आणि पाऊस संपला की काढून टाकले जात. वर्षातून चार महिने भिंतीला अंगरखा घालायचा आणि उरलेले आठ महिने तिला ऊन-वारा द्यायचा, असा हा हिशोब होता.

छपरावर पूर्वी गवत, पेंढा किंवा कुंभाराने घडवलेली नळीची कौले असत. नळीची कौले एकमेकांवर नुसती ठेवलेली असल्याने त्यांच्या फटींतून आतली गरम हवा आणि धूर वर निघून जाई. वानर, मांजर आणि वारा यांनी ती सरकत, म्हणून दर वैशाखात शाकारणी करावी लागे. फुटकी कौले बदलायची, वासे व रिपा तपासायच्या, वाळवी लागली असेल तर तो भाग काढायचा, हे काम पहिल्या पावसाच्या आत उरकणे भागच असे. १८६५ साली बासेल मिशनने मंगळूरला कौलांचा कारखाना काढला. त्या धर्तीची चपटी, एकमेकांत अडकणारी कौले पुढे किनाऱ्यावर सर्वत्र पसरली. त्यांनी गळती कमी केली, शाकारणीचे काम हलके केले आणि तरीही छपरातून हवा जाण्याची वाट पूर्ण बंद केली नाही. उजेडासाठी मधे एखादे काचेचे कौल बसवण्याची सोयही त्यांच्यामुळे सहज झाली.

या घरात सर्वांत महत्त्वाचे यंत्र होते ते चूल. पावसाळ्यात बाहेरची हवाच ओली असते, तेव्हा नुसत्या खिडक्या उघडून घर वाळत नाही. २५ अंश सेल्सिअस आणि ९० टक्के आर्द्रता असलेली हवा ३० अंशांपर्यंत तापवली, तर त्याच हवेची सापेक्ष आर्द्रता ६७ टक्क्यांच्या आसपास उतरते. बुरशीला पोषक हवा एवढ्या उबेने तिला प्रतिकूल होते. चूल दिवसातून दोनदा पेटे आणि तिच्यातला विस्तव राखेखाली धुमसत राही. तिची ऊब आणि धूर माळ्यावरून, वाशांमधून, कौलांच्या फटींतून बाहेर पडे आणि खालून नवी हवा आत ओढली जाई. माळ्यावरचे धान्य, बियाणे, सुकवलेली मासळी, आमसुले आणि दोरखंडे त्याच धुरावर टिकत. वासे काळे पडत, पण किडत कमी. याची दुसरी बाजूही होती. तोच धूर स्वयंपाक करणाऱ्या बाईच्या डोळ्यांत आणि छातीत जाई. घर कोरडे राही ते काही अंशी तिच्या आरोग्याच्या मोलाने, ही गोष्ट जुन्या घरांचे गोडवे गाताना विसरता येत नाही.

चुना

मातीनंतर भिंतीचा दुसरा आधार म्हणजे चुना. चुनखडीचे खडे किंवा किनाऱ्यावर शिंपले भट्टीत भाजून कळीचा चुना करत. तो पाण्यात विरवून, मुरवून, वाळूबरोबर घाणीत दळत. चुन्याची घाणी म्हणजे जमिनीत खोदलेली दगडी चर आणि तिच्यात बैलांनी फिरवलेले जड दगडी चाक. किल्ल्यांवर, जुन्या वाड्यांच्या आणि देवळांच्या परिसरात अशा घाण्या आजही दिसतात. दळलेल्या चुन्यात कामानुसार गूळ, हिरडा, बेलफळाचा गर, उडदाचे पाणी, ताग अशा गोष्टी मिसळत. कोणी चिकटपणासाठी, कोणी भेगा टाळण्यासाठी, कोणी पाणी कमी झिरपावे म्हणून. प्रमाण गवंड्यांच्या घराण्यांत तोंडी चालत आले, म्हणून गावोगावी ते वेगळे होते.

गिलाव्यात वनस्पतींचे तंतू घालण्याची रीत किती जुनी आहे याचा एक पुरावा वेरूळच्या लेण्यांतून मिळाला. तेथील मातीच्या गिलाव्यात भांगेच्या झाडाचे तंतू मिसळलेले असल्याचे २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दाखवले गेले. दमटपणा सावरणे आणि किडीला दूर ठेवणे हे त्या मिश्रणाचे गुण असावेत, असे संशोधकांनी सुचवले आहे.

चुन्याचा गिलावा हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन हळूहळू पुन्हा दगडासारखा होतो, तरी त्याची छिद्रे उघडी राहतात. भिंतीत आलेली ओल त्याच्यातून वाफ होऊन बाहेर पडते. शिवाय ताजा चुना तीव्र अल्कधर्मी असतो आणि त्याच्यावर बुरशी धरत नाही. दसरा-दिवाळीच्या तोंडावर घराला सफेदी करण्याच्या प्रथेचे बळ इथे आहे. पाऊस नुकताच संपलेला असतो, चार महिन्यांची बुरशी भिंतींवर असते, हवा कोरडी होऊ लागलेली असते. भिंती खरवडून, झाडून, चिमूटभर नीळ घातलेल्या चुन्याचा हात दिला की घराचा वास बदले. चुन्याचा हात वर्षभरात फिका पडे आणि पुढच्या दिवाळीला पुन्हा द्यावा लागे. त्यामुळे घराची प्रत्येक भिंत वर्षातून एकदा तरी कोणीतरी जवळून पाही.

गोव्यात आणि दक्षिण कोकणात शिंपल्यांपासून चुना तर होईच, पण चपट्या, अर्धपारदर्शक शिंपल्यांचे तुकडे लाकडी चौकटीत बसवून खिडक्याही करत. काच महाग असताना पावसाळ्यात खिडकी बंद ठेवूनही खोलीत मऊ उजेड येई. जुन्या गोमंतकीय घरांत अशा खिडक्या अजून शिल्लक आहेत.

देशावरचे वाडे

घाटावर पाऊस कमी, पण ऊन आणि थंडी जास्त. तिथे भिंती जाड झाल्या आणि खिडक्या लहान. माळवदाच्या घरांत लाकडी तुळयांवर मातीचे जाड थर देऊन सपाट धाबे केलेले असे. पुण्याच्या वाड्यांत जोते दगडी, सांगाडा लाकडी आणि वरच्या मजल्यांच्या भिंती बहुधा विटांच्या किंवा पांढरीच्या मातीच्या असत. पांढरी म्हणजे जुन्या गावठाणाची बारीक, चिकट माती.

वाड्याचे फुफ्फुस म्हणजे चौक. रस्त्याच्या बाजूला मोजक्या खिडक्या ठेवणारा वाडा आत मोकळा असे. चौकातली हवा तापून वर जाई आणि भोवतालच्या सोप्यांतून, खणांतून गार हवा चौकाकडे ओढली जाई. मोठ्या वाड्यांत एकामागून एक असे अनेक चौक असत. पण चौकापासून लांबची जागा कोंदट राही. माजघर, कोठीची खोली आणि बाळंतिणीची खोली या घरातल्या सर्वांत अंधाऱ्या जागा होत्या. बाळंतिणीला वारा लागू नये म्हणून दार-खिडकी लावून घेत आणि त्याच खोलीत शेकशेगडी ठेवत. घरात हवा कुठून येते याबरोबर ती कोणाच्या वाट्याला येते, हाही प्रश्न वाड्याच्या रचनेतच होता.

पांढरीच्या भिंतींचे बळ त्या कोरड्या राहण्यावर अवलंबून होते. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले आणि मुठेच्या काठच्या पेठांत पाणी शिरले. तासन्‌तास पाण्यात उभे राहिलेले मातीचे कित्येक वाडे पूर ओसरता ओसरता बसले. वाफेची ओल पिढ्यान्‌पिढ्या सांभाळणाऱ्या भिंतींना तळातून आलेले पाणी पेलले नाही. त्यानंतर पुण्यात नवी घरे विटा-सिमेंटची होऊ लागली आणि वाडे बांधण्याच्या कसबाला मागणी उरली नाही.

वासावरचे उपाय

भिंत आणि छप्पर यांचे काम करूनही पावसाळ्यात थोडा कुबटपणा राहतोच. त्यावर घरगुती उपायांची मोठी परंपरा आहे. संध्याकाळी विस्तवावर धूप किंवा ऊद टाकून तो घरभर फिरवत. कडुनिंबाच्या पाल्याची धुरी देत. ट्रंकेत आणि पेटाऱ्यात रेशमी कापडांबरोबर वाळा, कापूर किंवा वाळलेला कडुनिंबाचा पाला ठेवत. पोथ्यांच्या बासनात वेखंडाचे तुकडे घालत. विसाव्या शतकात त्यांच्या जागी डांबरगोळ्या आल्या. अंथरुणे, गोधड्या, लोणच्याच्या बरण्या, डाळी आणि पुस्तके यांना आश्विनात ऊन दाखवण्याचा नेम होता.

या उपायांतले काही ओलीवर चालतात, काही फक्त वासावर. ऊन आणि विस्तव खरोखर वाळवतात. वाळा, कापूर आणि ऊद यांचा सुगंध कुबट वास झाकतो, क्वचित किडीला दूर ठेवतो, पण भिंतीतली ओल तशीच राहते. जुन्या घरांत दोन्ही प्रकार बरोबर चालत, म्हणून सुगंधाला वाळवण्याची जोड होती. शहरात ऊन आणि विस्तव सुटले. सुगंध तेवढा राहिला.

चाळ आणि हाऊस गल्ली

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कापडगिरण्या आणि गोदी यांच्या कामासाठी रत्नागिरी, सातारा, पुणे अशा जिल्ह्यांतून माणसे मुंबईत आली. त्यांच्यासाठी घरमालकांनी चाळी उठवल्या. एका खोलीचे बिऱ्हाड, बाहेर सामाईक गॅलरी, टोकाला संडास आणि नळ. ज्या चाळीत एका बाजूला गॅलरी व मागे खिडकी होती तिथे वारा आरपार जाई. पण जागा महाग होत गेली तशा दोन ओळी पाठीला पाठ लावून किंवा मधल्या अंधाऱ्या बोळाच्या दोन्ही बाजूंना बांधल्या जाऊ लागल्या. त्या खोल्यांना हवेची एकच बाजू उरली, काहींना तीही नाही.

दोन इमारतींच्या मधे अरुंद फट सोडत. मुंबईत तिला हाऊस गल्ली म्हणतात. सांडपाणी तिथेच पडे आणि संडासांच्या टोपल्या तिथूनच काढल्या जात. हे काम हलालखोर म्हणवल्या जाणाऱ्या कामगारांवर जातीने लादलेले होते. १८८८ च्या मुंबई महापालिका कायद्यात त्यासाठी हलालखोर कर होता. या गल्लीवर उघडणारी खिडकी नकाशात हवेची सोय म्हणून दाखवली जाई. पण तिच्यातून दुर्गंधी येई, म्हणून रहिवासी ती कायमची बंद करून टाकत. हवेसाठी केलेली जागाच हवा तोडत होती. तळमजल्याच्या खोल्यांत गटाराची ओल भिंतीतून वर चढे, भिंतींना लोणा धरे आणि गिलाव्याचे पोपडे सुटत. त्याच खोलीत चूल पेटे, पण धूर व वाफ जायला कौलांच्या फटी नव्हत्या, वर दुसऱ्या बिऱ्हाडाची जमीन होती. कोकणातल्या घराला कोरडे ठेवणारी चूल इथे खोली काळी आणि कोंदट करू लागली.

प्लेग आणि हवेचा कायदा

सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी गाठीच्या प्लेगचे निदान केले. रोगाचा जंतू दोन वर्षांपूर्वी हाँगकाँगमध्ये सापडला होता, पण तो पसरतो कसा हे अजून ठरले नव्हते. रोग घाणेरड्या, ओल्या, कोंदट जागेतून उद्भवतो ही जुनी समजूत अधिकाऱ्यांच्या मनात पक्की होती. त्यामुळे लढाई घराशीच सुरू झाली. भिंतींना चुना फासला गेला, ऊन आत यावे म्हणून छपरांची कौले उतरवली गेली, भुया खणल्या गेल्या, सामान जाळले गेले. राहण्यास अयोग्य ठरलेल्या घरांवर ‘यू.एच.एच.’ ही अक्षरे रंगवली गेली. पुण्यात १८९७ साली प्लेग अधिकारी रँड यांच्या हाताखाली लष्करी शिपायांनी घरे तपासताना लोकांची जी विटंबना केली, तिचा संताप २२ जून १८९७ च्या रात्री रँड यांच्यावर झाडलेल्या गोळीतून बाहेर पडला. चुना आणि ऊन हे लोकांचे स्वतःचे उपाय होते. सत्तेने ते बळजबरीने लादले तेव्हा त्यांचीच दहशत बसली.

पुढच्या काही वर्षांत उंदरांवरच्या पिसवांमुळे प्लेग पसरतो हे सिद्ध झाले. कुबट हवेने प्लेग होत नव्हता. तरीही कोंदट घरांवर बोट ठेवणे अगदीच चुकीचे नव्हते. त्याच खोल्यांत क्षय पसरत होता आणि तो श्वासावाटेच पसरतो. चुकीच्या सिद्धांतातून एक योग्य प्रश्न पुढे आला : शहरातल्या माणसाला घरात किती हवा आणि किती उजेड मिळाला पाहिजे?

१८९८ साली बॉम्बे सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. त्याने नागपाड्यापासून दाट वस्त्या पाडून नवे रस्ते काढायला सुरुवात केली. प्रिन्सेस स्ट्रीट, आजचा शामलदास गांधी मार्ग, आखताना समुद्रावरचा वारा दाट वस्तीच्या पोटात नेणे हाही एक हेतू होता. सुरुवातीच्या वर्षांत पाडलेल्या घरांच्या मानाने नवी घरे फार थोडी बांधली गेली आणि हुसकलेली माणसे शेजारच्या चाळींत दाटीने शिरली. एका वस्तीत आलेला वारा दुसऱ्या वस्तीच्या वाट्यातून गेला.

१९०९ पासून ट्रस्टचे अध्यक्ष असलेल्या जे. पी. ऑर यांनी या प्रश्नाला मोजमाप दिले. मुंबईतल्या घरांतील उजेड आणि हवा या विषयावर त्यांनी १९१२ साली व्याख्यान दिले. त्यांचा आग्रह साडेत्रेसष्ट अंशांच्या नियमाचा होता. खोलीच्या बाहेरच्या भिंतीच्या पायथ्यापासून साडेत्रेसष्ट अंशांच्या कोनात वर रेषा काढली, तर समोरची इमारत त्या रेषेच्या वर जाता कामा नये. साध्या भाषेत, इमारत समोरच्या मोकळ्या जागेच्या दुपटीपेक्षा उंच नको. २० मीटर उंचीच्या दोन इमारतींमध्ये या हिशोबाने १० मीटर अंतर हवे. ट्रस्टने आपल्या जमिनींवर हा नियम लावला. आग्रीपाडा आणि इतरत्र बांधलेल्या ट्रस्टच्या चाळी, तसेच दादर-माटुंग्याच्या वसाहती या विचारातून आल्या. दादरच्या पारशी कॉलनीत आणि हिंदू कॉलनीत इमारतींभोवती सोडलेली मोकळी जागा, रुंद रस्ते आणि झाडे यांचा फायदा तिथले रहिवासी शंभर वर्षांनंतरही घेत आहेत. त्याच काळात भारतात आलेले नगररचनाकार पॅट्रिक गेडिस यांनी मात्र मोठ्या पाडापाडीला विरोध केला. अगदी मोडकळीला आलेली तेवढीच घरे काढून छोटे चौक मोकळे करावेत आणि वस्ती जागेवरच राहू द्यावी, असे त्यांचे मत होते.

सिमेंटचे शतक

१९२० नंतर बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने वरळी, नायगाव, डिलाईल रोड आणि शिवडी येथे कामगारांसाठी २०७ चाळी बांधल्या. या बीडीडी चाळी काँक्रीटच्या होत्या. खोली साधारण १६० चौरस फुटांची, संडास-नळ सामाईक. तळमजला आणि वर तीन मजले अशा या चाळी टिकल्या खऱ्या, पण मधल्या बोळाच्या दोन्ही बाजूंना खोल्या असल्याने वारा आरपार जाण्याचा प्रश्न त्यांनीही सोडवला नाही. १९३० च्या दशकात मरीन ड्राइव्हवर काँक्रीटच्याच इमारती उभ्या राहिल्या. तिथे खिडक्यांवर लांबलचक छज्जे होते, गोलाकार बाल्कन्या होत्या आणि समोर समुद्र होता. पदार्थ एकच, पण हवा मिळाली ती ज्याच्या हाती पैसा होता त्याला.

काँक्रीटने आणि सिमेंटच्या गिलाव्याने भिंतीचा स्वभाव बदलला. सिमेंट चुन्यापेक्षा कडक आणि घट्ट असते, त्याच्यातून वाफ सहज जात नाही. भेग पडली की पाणी आत जाते, पण तितक्या सहजतेने बाहेर येत नाही. जुन्या चुन्या-मातीच्या भिंतीवर सिमेंटचा गिलावा केला, तर ओल मागे अडकते, क्षार साठतात आणि काही वर्षांत पोपडे सुटतात. त्यावर ऑइल पेंट किंवा प्लास्टिक पेंट दिला की भिंतीचा उरलेला श्वासही बंद होतो. काँक्रीटमध्ये ओल लोखंडापर्यंत पोचली की गज गंजून फुगतात आणि वरचा थर फुटतो. सपाट गच्चीवर विटांच्या तुकड्यांचा कोबा घालून पाणी उतरवण्याची पद्धत मुंबईत रूढ झाली. कोब्याला तडा गेला की वरच्या मजल्याच्या छतावर ओलीचे नकाशे उमटू लागतात.

देखभाल मोडण्याचे कारण मात्र केवळ पदार्थात नव्हते. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने भाडी गोठली. कायद्यामुळे लाखो भाडेकरूंना आधार मिळाला, पण तुटपुंज्या भाड्यात मालकाला दुरुस्ती परवडेना आणि घर आपले नसल्याने भाडेकरू मोठा खर्च करीना. लाकडी तुळया सडल्या, छपरे गळू लागली, इमारती कोसळू लागल्या. १९६९ च्या कायद्याने दुरुस्ती मंडळ आले आणि उपकर घेऊन सुमारे १९,६०० जुन्या इमारतींची जबाबदारी त्याच्याकडे गेली. दर जूनपूर्वी छपरांवर ताणलेली निळी ताडपत्री हे त्या अपुऱ्या दुरुस्तीचे चिन्ह झाले. वैशाखातली शाकारणी घराला नवे करी. ताडपत्री फक्त एक पावसाळा काढते.

आजची घरे

गेल्या काही दशकांत घरातल्या हवेवर आणखी बंधने आली. सरकत्या खिडकीचे एका वेळी अर्धेच दार उघडते. दाराच्या वरचा व्हेंटिलेटर नव्या घरांतून गेला. बाल्कनी काचेने बंद करून खोलीत घेतली गेली. न्हाणीघर बाहेरच्या भिंतीला न लागता डक्टवर उघडू लागले. गॅसच्या शेगडीने बायकांची धुरातून सुटका केली, ही मोठी गोष्ट झाली. पण गॅस जळतानाही पाण्याची वाफ तयार होते आणि ती जायला वाट हवी, हे बंद स्वयंपाकघर आखताना विसरले जाते.

सर्वांत गंभीर तडजोड पुनर्वसनाच्या घरांत झाली. १९९५ साली झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरण स्थापन झाले. कमी जागेत अधिक घरे बसावीत म्हणून अंतराच्या नियमांत सवलती दिल्या गेल्या. गोवंडी-मानखुर्द भागात सात-सात मजली इमारती एकमेकींपासून सुमारे तीन मीटरवर उभ्या राहिल्या. ऑर यांच्या हिशोबाने तिथे याच्या तिपटीहून अधिक अंतर हवे होते. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात तिथल्या तीन वसाहती तपासल्या गेल्या. लल्लूभाई कंपाउंड आणि नटवर पारेख कंपाउंड या दाट वसाहतींत खालच्या मजल्यांवर ऊन व वारा फार कमी पोचतो आणि क्षयाचे प्रमाण अधिक आहे, तर इमारतींत मोकळे अंतर असलेल्या तिसऱ्या वसाहतीत ते बरेच कमी आहे, असे त्यात आढळले. झोपडीच्या पत्र्याखालून पक्क्या घरात आलेल्या माणसांना दिवसाही दिवा लावावा लागतो आणि भिंतींवर बुरशी पुसत बसावे लागते. १८९६ नंतर जे मोजमाप मोठ्या मरणातून शिकले गेले होते, ते शंभर वर्षांच्या आत गरिबांच्या घरांपुरते सोडून दिले गेले.

जुन्या इमारतींचे जतन करणारे वास्तुविशारद आता सिमेंटचा गिलावा काढून पुन्हा चुन्याचा गिलावा करतात. चुना मुरवणारे, घाणीचा चुना ओळखणारे गवंडी शोधावे लागतात. नव्या घरांत आरपार हवा, उंचावर झरोका, स्वयंपाकघर व न्हाणीघरातून वाफ बाहेर फेकणारा पंखा, गच्चीच्या कोब्याची वेळेवर दुरुस्ती आणि कपाट भिंतीपासून चार बोटे लांब ठेवणे, हे उपाय आजही तेच काम करतात जे पूर्वी झड, चूल, चौक आणि सफेदी करत. बुरशी पुसून रंग दिला तर एक पावसाळा निभावतो. ओल येण्याची वाट बंद करून जाण्याची वाट उघडी ठेवली, तर ती भिंत पुढचे अनेक पावसाळे कोरडी राहते.